एकच छत्री, पुन्हा पुन्हा: नवं माध्यम हातात घेताना

भाचीने माझी चाळीसेक चित्रं फरशीवर ओळीने मांडली होती. एका छोट्या प्रदर्शनासाठी त्यातली बारा निवडून दे, असं मीच तिला सांगितलं होतं. दोन फेऱ्या मारून झाल्यावर तिने विचारलं, "आत्या, यातली नवी कुठली?"

प्रश्न साधा होता. सगळ्यात जुनं चित्र अकरा वर्षांपूर्वीचं, सगळ्यात ताजं मागच्या आठवड्यातलं. उत्तर द्यायला मी खाली वाकले आणि मलाच कागद उलटून मागची तारीख बघावी लागली.

तोवर मी एकोणीस वर्षं फक्त जलरंगात काम करत होते. आधी कागद ओला करायचा, त्यावर आभाळाचा वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर, तो अर्धवट वाळला की लांबचे डोंगर, खाली उजव्या कोपऱ्यात झाडीचा एक गडद पुंजका आणि शेवटी कोरड्या ब्रशने ओढलेलं गवत. डोळे बांधले असते तरी हात हे सगळं करून आला असता. लोक याला माझी शैली म्हणायचे, मीही म्हणायचे. पण चाळीस चित्रं एकत्र पाहिल्यावर ते पाठ केलेल्या पाढ्यांसारखं वाटायला लागलं.

शैली आणि सवय बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत तेच तेच पुन्हा येतं. त्या वेगळ्या करायचा मला सापडलेला एकच उपाय म्हणजे हातातलं हत्यार बदलणं. सवय हत्याराला चिकटलेली असते. ओळखीचा ब्रश काढून घेतला की तिची पंचाईत होते. त्यानंतरही जे कागदावर येत राहतं, ते तुमचं. हे कसं करायचं ते खाली सांगते. त्यात माझ्या चुकाही आहेत, कारण बरंचसं त्या चुकांतूनच कळलं.

विषय बदलू नका

नवं माध्यम घेतलं की बहुतेक जण नवा विषयही घेतात. मग चित्र वेगळं झालं ते रंगामुळे की विषयामुळे, काही कळत नाही. म्हणून विषय एकच ठेवा आणि माध्यमं बदलत जा.

माझ्या दाराच्या मागे खिळ्याला एक जुनी काळी छत्री टांगलेली असते. एक काडी वाकलेली, कापड अर्धवट उघडं, मूठ गोल वळणाची. मी ती घेतली. फूल सुकतं, मांजर उठून जातं, खिडकीतला उजेड सरकतो. छत्री महिनोन्महिने तशीच लटकून राहते. तिच्यात काड्यांच्या रेषा आहेत, कापडाचा गडद आकार आहे, घड्यांमधले बारीक उजेड आहेत. शिवाय ती मला विशेष आवडत नाही. हे महत्त्वाचं आहे. लाडकी वस्तू घेतलीत तर ती सुंदर काढायचा मोह होतो आणि प्रयोग तिथेच संपतो. तुम्ही खुर्ची घ्या, कुलूप घ्या, बूट घ्या. रेषा, आकार आणि उजेड-अंधार, तिन्ही असलेलं काहीही चालेल.

सुरुवात मात्र तुमच्या नेहमीच्या माध्यमातच करा. तीच वस्तू तीन वेळा काढा, नेहमी काढता तशीच, सुधारायचा प्रयत्न न करता. हे कागद तुलनेसाठी आहेत. तारीख घालून भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या. माझ्या तीन जलरंगी छत्र्यांमध्ये छत्री कमी आणि ढग जास्त होता. कडा विरघळलेल्या, काळ्या कापडाचा झालेला मवाळ राखाडी रंग. छत्री समोर काळी कुळकुळीत लटकत होती, आणि मला ते दिसतच नव्हतं.

पहिलं माध्यम कुठलं

दुकानात जे आकर्षक दिसतं ते घेऊ नका. तुमची सगळ्यात आवडती युक्ती जे माध्यम करूच देणार नाही, ते घ्या.

जलरंगात आपण उजळाकडून गडदाकडे जातो आणि पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. मग अंधारातून उजेड काढायला लावणारं माध्यम तुमच्यासाठी: कोळसा किंवा लिनो, म्हणजे कोरून छापायचा लिनोलियमचा तुकडा. तैलरंगात खरवडून, पुन्हा चढवून, आठवडाभर दुरुस्त्या करायची सवय असेल तर शाई घ्या, ती दुसरी संधी देत नाही. टोकदार पेन्सिलीने पापण्या मोजत बसणाऱ्याने फाडलेल्या कागदांचं कोलाज करावं. आणि स्क्रीनवर चित्र काढून दर तिसऱ्या रेषेला मागे जाणाऱ्याने बोरू हातात घ्यावा.

याचं सगळ्यात छान उदाहरण मला फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं वाटतं. रेषेवर त्याच्याइतकी हुकमत असलेले चित्रकार थोडेच. १८७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने मोनोटाइप, म्हणजे पत्र्यावरच्या शाईतल्या चित्राचा कागदावर ठसा, करायला घेतलं. त्यात तो बऱ्याचदा धातूच्या पत्र्यावर सगळीकडे काळी शाई फासायचा आणि चिंधीने, बोटाने, ब्रशच्या मागच्या टोकाने ती पुसत पुसत चित्र काढायचा. म्हणजे हातखंडा असलेली रेषाच बाजूला. एकूण तीनशेहून जास्त मोनोटाइप त्याने केली. पत्र्यावर उरलेल्या शाईचा दुसरा फिका ठसा घेऊन त्यावर पेस्टलच्या रंगीत खडूंनी काम करायचीही त्याची पद्धत होती.

सामान घेताना हात आखडता ठेवा. चोवीस रंगांचा सेट ही प्रयोग लांबवायची उत्तम सोय आहे, कारण पहिले दोन आठवडे तुम्ही नुसते रंगांचे चौकोन भरत बसता. एक काळा, एक पांढरा, वाटलंच तर एखादा मातकट रंग. कागद मात्र भरपूर. महागाचा कागद घेतलात तर तो वाया जाईल या भीतीने हात आपोआप जुन्या, खात्रीच्या वाटेवर जातो.

कोळसा: मी अंधाराला घाबरत होते

कोळशाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

कोळसा दोन प्रकारचा मिळतो. एक म्हणजे जळलेल्या बारीक काडीचा, हलका, ठिसूळ, फडक्याने सहज पुसला जाणारा. दुसरा दाबून केलेला, जड आणि गर्द काळा, पण एकदा बसला की नीट निघत नाही. सुरुवात काडीने करा. कागद किंचित खरखरीत हवा. गुळगुळीत कागदावर कोळसा घसरतो.

काडी आडवी धरून अख्खा कागद भरा आणि सुती फडक्याने चोळून एकसारखा राखाडी करा. आता कोळसा बाजूला ठेवा. चित्र खोडरबराने काढायचं आहे. मळून आकार देता येतो असा मऊ रबर यासाठी उत्तम. त्याला टोक काढलं की बारीक उजेड उचलता येतो, चपटा केला की मोठा. समोरच्या वस्तूवर जिथे जिथे उजेड पडलाय तिथे तिथे कागद उघडा करत जा. मग जिथे राखाडीपेक्षाही गडद हवं तिथेच पुन्हा काडी, आणि अगदी शेवटी, दोन-तीन जागीच, दाबलेला कोळसा. वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की थांबा आणि दुसरा कागद घ्या.

काम शक्यतो उभ्याने करा, कागद भिंतीवर किंवा उभ्या फळीवर लावून. टेबलावर बसलं की मनगट काम करतं, उभं राहिलं की खांदा. माझ्या मनगटाला एकोणीस वर्षांचं शिक्षण होतं, खांदा मात्र अडाणी होता. त्याने मारलेल्या रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण त्यांत माझी जुनी लकब नव्हती.

पहिल्या दिवशी पाच कागद झाले, पाचही वाईट. चौथ्या दिवशी छत्रीची मूठ रबराच्या एका फटक्यात अंधारातून वर आली आणि मी चाट पडले. रात्री जलरंगातल्या जुन्या छत्र्या काढून शेजारी ठेवल्या. माझ्या जलरंगातली सगळ्यात गडद जागा कोळशातल्या मधल्या राखाडीइतकीही गडद नव्हती. एकोणीस वर्षं मी पिवळ्या-निळ्याचे बारकावे शोधत होते आणि सुरांच्या अर्ध्या पट्टीवरच गात होते.

दोन सूचना. भुकटी फुंकू नका. कागद उभा धरून मागून टिचकी मारा. मी फुंकली होती, ती चष्म्यावर, नाकात आणि शेजारच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर गेली. आणि चित्र टिकवायचा फवारा मारायचा असेल तर घराबाहेर किंवा उघड्या गच्चीवर, साधारण ३० सेंटिमीटरवरून, पातळ थर देत. जवळून मारलात तर ओघळ येतात.

लिनो: मधलं काही नाही

कोळशात राखाडी असते. लिनोत तीही नाही. जो भाग कोरून काढाल तो पांढरा, जो ठेवाल तो काळा. समोरच्या छत्रीच्या कापडाला असंख्य छटा होत्या, आणि प्रत्येकीबद्दल मला ठरवायचं होतं: तू इकडची की तिकडची? असा निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. जलरंगात काही ठरत नसलं की पाण्याचा एक थेंब सोडायचा, कडा विरघळते, प्रश्न मिटतो. लोक त्याला तरलता म्हणतात.

करायची पद्धत थोडक्यात अशी. चित्र आधी पातळ कागदावर काढा आणि कागद उलटा करून लिनोवर गिरवा, कारण छाप आरशातल्यासारखी उलटी येते. माझ्या पहिल्या छत्रीची मूठ भलत्याच बाजूला वळली. अक्षरं असतील तर फजिती आणखी मोठी. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा कोमट पाण्याच्या पिशवीवर धरा. लोण्यासारखा नाही, पण बऱ्यापैकी मऊ कोरला जातो. हत्यार कायम अंगापासून लांब ढकलायचं आणि दुसरा हात पात्याच्या मागे. दिशा बदलायची असेल तर लिनो फिरवा, मनगट नको. हा नियम मी एकदाच मोडला. डाव्या अंगठ्यावरचा व्रण अजून आहे.

काच किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर शाई रोलरने पसरवा. शाई बरोबर पातळ झाली की रोलरचा आवाज बदलतो, बारीक चिकट चरचर ऐकू येते. जाड शाईने बारीक कोरीव भरून जातं. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. प्रेस लागत नाही. एक कोपरा उचलून बघा, फिकं वाटलं तर पुन्हा झाकून घासा.

पहिल्या छापेत मोकळ्या पार्श्वभूमीवर काळ्या शाईच्या बारीक रेघांचा पाऊस पडला होता. पात्याच्या वाटेत उरलेले ते उंचवटे. मी ते खरवडून साफ करायला बसले. दोन तास घालवल्यावर पार्श्वभूमी स्वच्छ झाली आणि छत्री मेली. पहिल्या छापेत त्या रेघांमुळेच छत्रीभोवती हवा हलत होती. आता माझा नियम असा: पहिले तीन ठसे घेईपर्यंत काहीही सुधारायचं नाही.

एकाच लिनोवर थोडं कोरायचं, उजळ रंगात सगळ्या प्रती छापायच्या, मग त्याच लिनोवर आणखी कोरून गडद रंग वर छापायचा, अशीही एक रीत आहे. पाब्लो पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचा भरपूर वापर केला. तोवर त्याच्या वयाची सत्तरी उलटून गेली होती. यात परत फिरता येत नाही, कारण आधीची पायरी कोरताना नष्ट झालेली असते. धाडस असेल तर करून बघा. माझं अजून दोन रंगांपलीकडे गेलेलं नाही.

बाकीची, भरभर

शाई आणि बोरू: तिरकस कापलेल्या बोरूने जाड-बारीक रेषा एकाच फटक्यात मिळते. शाई संपत आली की रेषा फाटते, आणि ती फाटकी रेषाच बहुधा सगळ्यात चांगली असते. जलरोधक काळी शाई फाउंटन पेनात भरू नका, त्यात बऱ्याचदा लाख असते आणि पेन कायमचं तुंबू शकतं. ब्रशही लगेच धुवा.

कापलेले कागद: १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातीसला फार वेळ उभं राहणं जमेना. मग मदतनीसांकडून गवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, रंगवून घेतलेले कागद तो कात्रीने कापायचा आणि भिंतीवर टाचून जागा बदलत राहायचा. रेखाटन आणि रंग हे दोन वेगळे टप्पे राहिलेच नाहीत. तुम्ही कापताना आधी पेन्सिलीने आखू नका, एवढंच पथ्य. आणि चिकटवायची घाई नको. माझे तुकडे आठवडाभर नुसतेच पडून होते. रोज येता-जाता एखादा सरकवायचे.

गवाश वाळताना फसवतो: उजळ रंग जरा गडद होतात, गडद रंग जरा फिके. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद दिसतं, कारण ओलं असताना त्यातलं रंग धरून ठेवणारं द्रव्य दुधाळ असतं आणि वाळून पारदर्शक होतं. दोन्हीसाठी आधी कागदाच्या पट्टीवर रंग वाळवून बघा. ॲक्रिलिकचा ब्रश पाण्याबाहेर विसरलात तर तो गेला. मी दोन घालवलेत.

तैलरंग: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या पसरून, मोकळ्या हवेत वाळवा.

स्क्रीनवरचं चित्र: याला कमी लेखणाऱ्यांत मीही होते. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी सत्तरी ओलांडल्यावर, २०१० मध्ये आयपॅडवर काढायला लागला, तेव्हा वयाची सबब मला देता येईना. माझी अट फक्त तीन गोष्टींची: एकच थर, एकच ब्रश, मागे जायचं बटण बंद. नाहीतर ते माध्यम तुम्हाला काहीच नाकारत नाही, आणि जे काहीच नाकारत नाही त्याच्याकडून मी तरी काही शिकले नाही.

किती दिवस, आणि काय लिहून ठेवायचं

एका माध्यमाला निदान चार आठवडे द्या. पहिल्या दहा कागदांबद्दल मतच बनवू नका, चांगलं नाही आणि वाईटही नाही. मी एकदा सहा आठवड्यांत सहा माध्यमं उरकली होती. त्यातून मला मिळालं काय, तर एक गच्च भरलेला खण. ऑइल पेस्टल अर्धवट सोलून ठेवलेले, शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं, आणि प्रत्येक माध्यमातलं फक्त ते, जे पहिल्या आठवड्यात कुणालाही येतं. त्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातून येते ती माध्यमाची शैली. कुणाचाही पहिला लिनो लिनोसारखाच दिसतो, पहिला कोळसा कोळशासारखा. ते नवल ओसरून कंटाळा यायला लागला की खरं काम सुरू होतं. म्हणून कंटाळा आला तर लगेच पुढच्या माध्यमाकडे पळू नका, आणखी आठवडाभर थांबा.

प्रत्येक कागदाच्या मागे तीन ओळी लिहा. हाताला काय करायचं होतं आणि जमलं नाही. न मागता काय घडलं. यातली कुठली एक गोष्ट मला हवी आहे. 'छान', 'बरं', 'फसलं' असले शेरे नकोत, ते सहा महिन्यांनी वाचले की काहीच सांगत नाहीत. माझ्या एका कोळशाच्या कागदामागे लिहिलंय: "कड पुसायला गेले, बोट लागलं, काडी कापडाच्या मागे गेली. मागे गेलेली बरी वाटते." ही ओळ मला आजही उपयोगी पडते.

तीन माध्यमं झाली की सगळं एकदम मांडा, अगदी सुरुवातीच्या त्या तीन कागदांसकट. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, पण 'कुठलं आवडलं' असं विचारू नका. 'सगळ्यांत काय सारखं आहे' असं विचारा. मी पुन्हा भाचीलाच बोलावलं. ती म्हणाली, "आत्या, छत्री नेहमी डावीकडे सरकलेली असते आणि उजवी बाजू मोकळी. आणि ती मोडकी काडी तू कधीच सोडत नाहीस." मी एकेक कागद पाहिला. खरंच होतं. कोळसा, लिनो, बोरू, कापलेले कागद, सगळीकडे. लिनोत तर चित्र उलटं छापलं जातं. तिथेही मी नकळत आरशाचा हिशेब करून छत्री डावीकडेच आणली होती. आणि विरघळणाऱ्या कडा, ज्यांना मी इतकी वर्षं माझी ओळख समजत होते, त्या जलरंगाबाहेर एकाही कागदावर नव्हत्या.

परत आपल्या माध्यमाकडे

इथे बरेच जण घाई करतात. कोळशात मिळालेलं, लिनोत मिळालेलं, सगळं एकाच चित्रात ओततात आणि त्याची भेळ होते. एकच गोष्ट न्या. मी नेला तो गडदपणा.

जलरंगातला माझा क्रम मी उलटा केला. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी जेमतेम पाण्यात कालवून होणारा जवळजवळ काळा रंग आधी लावायचा, चित्रातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी, कोरड्या कागदावर, ठाम कडेने. बाकी सगळं त्याच्या हिशेबाने. पहिली सहा चित्रं चिखल झाली, कारण तो गडद रंग पूर्ण वाळायच्या आत मी शेजारी पाणी नेत होते. हात जुन्या क्रमाने पळायचा. शेवटी मी गडद जागा रात्री लावून ठेवायला लागले आणि बाकीचं सकाळी. सातव्यात छत्री काळी झाली, आणि उजवीकडची रिकामी जागा पहिल्यांदाच रिकामी न वाटता उजेडाची वाटली.

दोन माध्यमं एकाच कागदावर आणायची असतील तर आधी त्यांचं एकमेकांशी जुळतं का ते बघा. मेणाच्या खडूवर जलरंग बसत नाही आणि म्हणूनच ती जोडी मजेची. ॲक्रिलिकच्या वाळलेल्या थरावर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र धरत नाही. हे मला माहीत होतं. तरीही एका तैलचित्रातली पांढरी जागा लवकर वाळावी म्हणून मी वरून ॲक्रिलिक फासलं. दीड वर्षाने ती पांढरी पापुद्रा धरून नखाने निघाली, अख्खीच्या अख्खी. ऑइल पेस्टल कधीच पुरता सुकत नाही, तेव्हा त्यावर दुसरं काही चढवायच्या फंदात पडू नका; त्याला शेवटी ठेवा आणि काचेखाली ठेवा.

कधी कधी माध्यम बदलायचीही गरज नसते, हत्यार बदललं की पुरतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे तैलरंगातच राहिले, पण ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या चपट्या सुरीने, थर चढवत, उतरवत गेले, आणि कॅनव्हासवर आतून उजेड आल्यासारखे ते पृष्ठभाग तयार झाले. मी छत्रीसाठी जलरंगातच ब्रश बाजूला ठेवून जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडा वापरून पाहिला. ओल्या रंगातून ओढला की काडीची उजळ रेषा निघते, कोळशात रबराने निघायची तशी. रंग फार ओला असेल तर तो परत आत शिरून रेषा उलट गडद होते. चमक गेल्या गेल्या ओढायचा, तो क्षण दहा-वीस सेकंदांचाच असतो.

सध्या टेबलावर माती आहे. तिसरा आठवडा चालू आहे. छत्रीचं कापड मातीत पातळ करायला गेलं की ते वाळताना चिरतं, जाड ठेवलं की छत्रीचं छप्पर होतं. काल वाकडी काडी तेवढी तारेने केली आणि ओल्या मातीत खुपसली. माती आकसते, तार आकसत नाही, त्यामुळे सकाळी मुळाशी भेग दिसली. कागद नाही म्हणून मागच्या तीन ओळी वहीत लिहिल्या आहेत. छत्री अजून डावीकडेच कलते.